वडधमच्या खोडात

ब्रह्मपुरीजवळून वैनगंगेच्या पाण्याबरोबर निघा. पुढे वर्धा येऊन मिळते, नदी प्राणहिता होते. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला पोचता तेव्हा सुमारे १८ कोटी वर्षं मागे आलेले असता. साग नाही, मोह नाही, पायाखाली गवतही नाही. उभे आहेत ते सूचिपर्णी वृक्ष. बारापासॉरस नावाचा डायनासोर पाला ओरबाडतोय. १९६१च्या सुमारास याच खोऱ्यात त्याची हाडं निघतील आणि त्या वर्षी रवींद्रनाथांची जन्मशताब्दी म्हणून त्याच्या नावाला टागोर जोडलं जाईल.

पुरात एक खोड आडवं होतं, वाळूखाली गाडलं जातं. त्यात शिरा, एका पेशीएवढे व्हा.

भोवतीच्या पाण्यात सिलिका विरघळलेली आहे. वाळूतल्या खनिजांतून ती आली. पाण्याला पेलवेल त्याहून जराशी जास्तच झाली आहे, तरी साका बसत नाही. तुमच्यासमोर चार रेणू जवळ येतात, पुन्हा सुटतात. पुन्हा येतात, पुन्हा सुटतात. एवढ्याशा कणात जवळपास सगळेच रेणू पृष्ठभागावर, आणि बाहेरच्या अंगाला त्यांना धरून ठेवणारं कुणी नाही. कण एका ठरावीक आकारापलीकडे गेला तरच तो टिकतो, मग वाढतच जातो.

आता पेशीच्या भिंतीकडे वळा. तिथलं सेल्युलोज आणि लिग्निन सिलिकेच्या रेणूंना पकडतं. आयता आधार मिळाल्यामुळे तिथे कण लवकर तगतो. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात तो याचसाठी. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पाण्याचं बेताचं असणं. सिलिका फार झाली असती तर पाण्यातच जागोजागी कण धरले असते आणि पेशी नुसत्या बुजल्या असत्या. ती बेताचीच होती, म्हणून थर भिंतीवर बसला, भिंतीच्या वळणाने.

पहिला थर ओपलसारखा, विस्कळीत रचनेचा. साध्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात अशी सिलिका शंभरेक मिलिग्रॅम विरघळते, गारगोटीच्या रूपातली मात्र दहाच्या आसपास. त्यामुळे ओपलला पुरेसं वाटणारं पाणी गारगोटीच्या कणाला केव्हाच जास्तीचं झालेलं असतं. ओपल विरत जातो, गारगोटी वाढते. याला लाखो वर्षं लागतात, तेवढं थांबा.

मग आजच्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात बाहेर या. अशा दगडी खोडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पेशींच्या रांगा दिसतात, आणि त्यांच्या ठेवणीवरून झाड सूचिपर्णी होतं हे ओळखता येतं.