दशांश अपूर्णांकाला पूर्ण संख्येने गुणताना

कुवेत, बहरीन आणि ओमानमधल्या आपल्या मुलांची इथे हमखास गल्लत होते. रुपयाचे पैसे १००. पण कुवेती आणि बहरीनी दिनाराचे फिल्स १००० आणि ओमानी रियालचे बैसेही १०००. म्हणून इथे दशांश चिन्हानंतर तीन अंक लिहितात. चिन्ह एक घर सरकले की रक्कम दहापट होते, नाहीतर दहावा हिस्साच उरतो!

समजा, एक वही ०.७५० दिनारला आहे आणि आपल्याला ७ वह्या हव्या आहेत.

१) चिन्ह बाजूला ठेवून गुणूया: ७५० × ७ = ५२५०.
२) ०.७५० म्हणजे ७५० सहस्रांश, म्हणून ५२५० हेही सहस्रांशच. उजवीकडून तीन अंक मोजून चिन्ह देऊया: ५.२५०, म्हणजे ५ दिनार २५० फिल्स.
३) चिन्ह देण्याआधी शेवटचे शून्य खोडू नये. खोडले तर ०.५२५ असे चुकीचे उत्तर येते.

पडताळा: एक वही एका दिनारहून स्वस्त, तेव्हा ७ वह्या ७ दिनारच्या आतच हव्यात. आजी-आजोबांना पाऊणकी विचारा; तिथेही साताला सव्वापाचच येतात.

आम्ही घरी दुकानाची पावती मुलांच्याच हाती देतो. तुम्हीही करून पाहा.