‘चिमणराव’ मालिकेची पात्रयोजना आणि मुंबईची हौशी रंगभूमी

मराठी विनोदाच्या इतिहासात चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीचे स्थान सर्वमान्य आहे. परंतु या जोडीचे जे रूप आज सामान्य मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उभे राहते, ते मूळ पुस्तकांपेक्षा मुंबई दूरदर्शनच्या मालिकेतून आलेले आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजया जोगळेकर-धुमाळे यांच्या निर्मितीतून ही मालिका सादर झाली. तीत चिमणरावांची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी आणि गुंड्याभाऊंची बाळ कर्वे यांनी केली. ही निवड कशी शक्य झाली, हा प्रश्न वरकरणी किरकोळ भासतो. त्याचे उत्तर शोधू लागल्यास मात्र गिरगाव-दादर परिसरातील एका संपूर्ण सांस्कृतिक व्यवस्थेचा उलगडा होतो.

प्रथम मूळ वाङ्मयाचा विचार केला पाहिजे. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास अध्यापन करणारे पाली भाषेचे व्यासंगी विद्वान होते. त्यांचे चिमणराव हे पुण्यातील मध्यमवर्गीय कारकुनी जीवनाचे प्रतिनिधी होत. या कथांची खरी गोम त्यांच्या निवेदनात आहे. चिमणराव स्वतःच आपली हकीकत सांगतात. सांगताना त्यांना स्वतःचा भित्रेपणा वा भोळेपणा जाणवत नाही, वाचकाला मात्र तो जाणवतो. निवेदक आणि वाचक यांच्यातील या अंतरात विनोद निर्माण होतो. पडद्यावर हा निवेदक दृश्य होतो आणि त्याच्या निवेदनाचा आधार पुष्कळसा नाहीसा होतो. म्हणून या कथांच्या रूपांतरात नटाची निवड हाच मुख्य प्रश्न ठरतो. मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ हे चित्रपट काढले, तेव्हा दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग या जोडीने तो सोडविला होता. त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न एका नव्या माध्यमापुढे उभा राहिला.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र. १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरदर्शन हा आकाशवाणीचाच भाग होता, हे येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कौटुंबिक विनोदाची आठवड्यागणिक चालणारी श्रुतिका मुंबईच्या श्रोत्यांना अपरिचित नव्हती. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी या पात्रांची ‘पुन्हा प्रपंच’ ही नभोवाणी मालिका घरोघरी ऐकली जात असे. ठरावीक वारी, ठरावीक वेळी, त्याच त्या ओळखीच्या माणसांनी घरात यावे, ही सवय श्रोत्यांच्या अंगी आधीच बाणली होती. अमेरिकेतील ‘आय लव्ह लूसी’ (१९५१) ही गाजलेली मालिकाही एका नभोवाणी मालिकेच्या पूर्वपीठिकेवर उभी होती, हे साम्य लक्षणीय आहे.

सवय आकाशवाणीने घडविली. माणसे मात्र रंगभूमीने पुरविली. गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केले. रत्नाकर मतकरी यांनी १९६२ साली ‘बालनाट्य’ ही संस्था स्थापिली. १९६० मध्ये ‘रंगायन’ आणि १९७१ मध्ये ‘आविष्कार’ या संस्था निघाल्या. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांची चळवळ स्थिरावली. या संस्थांतील बहुसंख्य मंडळी पोटापाण्यासाठी अन्यत्र नोकरी करीत. मतकरी स्वतः सुमारे वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरीस होते. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम आणि रविवारी प्रयोग, हा त्यांचा परिपाठ होता. नाटकाचे उत्पन्न तुटपुंजे असले तरी नोकरीच्या पगारावर घर चालत असल्याने प्रयोग करण्याचे स्वातंत्र्य त्यांना लाभले.

मालिकेची प्रमुख जोडी याच व्यवस्थेतून आली. प्रभावळकर हे विज्ञानाचे पदवीधर आणि औषधनिर्मितीच्या व्यवसायात नोकरी करणारे. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील त्यांची चेटकीण गाजली होती. कर्वे (१९३०–२०२५) हे मुंबई महानगरपालिकेत नोकरीस होते. दोघांच्याही वाट्याला अशा प्रकारे दुहेरी आयुष्य आले होते. चेटकीण रंगविणाऱ्या नटाकडे कारकून सोपविणे हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु बालनाट्यातील नटाला आवाज, चाल आणि देहबोली समूळ बदलण्याचा जो सराव असतो, तो येथे नेमका उपयोगी पडला. तिशी नुकतीच ओलांडलेल्या नटाने संसारी, गांगरलेला गृहस्थ उभा केला; निवेदनात जे अंतर शब्दांनी साधले होते ते त्याने चेहऱ्यावरील गंभीर निरागसतेने साधले. शेजारी कर्वे यांचा भारदस्त गुंड्याभाऊ उभा राहताच हा विरोध पूर्ण झाला. कचेरीतील साहेब, रजेचा अर्ज, महिनाअखेरची ओढाताण ही सामग्री या नटांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

निर्मितीची रीतही रंगभूमीला जवळची होती. वरळीच्या स्टुडिओत कृष्णधवल चित्रण होई. ध्वनिचित्रफितीचे संपादन त्या काळी कष्टाचे असल्याने दीर्घ प्रवेश सलग करू शकणारे, पाठांतर पक्के असलेले नट आवश्यक होते. हौशी नाट्यसंस्थांनी अशा नटांची एक पिढीच तयार ठेवली होती. सरकारी माध्यमाला जे शिक्षण द्यावे लागले असते, ते या संस्थांनी विनामूल्य दिले होते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. वरळीच्या मनोऱ्यापासून परळ-लालबाग हाकेच्या अंतरावर आहे. तेथे दामोदर हॉलच्या रंगमंचावर कोकणी चाकरमान्यांची आणि गिरणी कामगारांची स्वतंत्र नाट्यपरंपरा नांदत होती. तिचा विनोद, तिची बोली आणि तिचे नट निराळे होते. दूरदर्शनच्या कौटुंबिक विनोदाचा आदर्श मात्र पांढरपेशा घरावरून घेतला गेला. संच विकत घेण्याची ऐपत मुख्यतः त्याच वर्गाची होती, हे त्याचे एक कारण. निर्माते आणि नट यांची भरती त्याच वर्तुळातून होत असे, हे दुसरे. ‘चिमणराव’च्या गुणवत्तेला यामुळे बाध येत नाही, परंतु तिला समस्त मुंबईच्या मराठी विनोदाची प्रतिनिधी मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

अभ्यासकापुढील मोठी अडचण साधनांची आहे. ‘आय लव्ह लूसी’ फिल्मवर चित्रित झाल्याने टिकली. उलट, महागड्या फिती पुसून पुन्हा वापरण्याच्या प्रथेमुळे बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’चेही काही भाग नष्ट झाले. दूरदर्शनच्या आरंभकाळातील बरेच कार्यक्रम याच रीतीने लोपले. १९७९ चा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट मालिकेची उणीव भरून काढू शकत नाही, कारण मालिकेचे मर्म आठवड्यागणिक वाढणाऱ्या घरोब्यात होते. अशा स्थितीत नाट्यसंस्थांची जुनी पत्रके, प्रयोगांच्या नोंदी आणि कलावंतांच्या आठवणी यांना कागदपत्रांचे मोल येते. त्या काळातील एकेक कलावंत आपल्यातून निघून जात असताना हे संकलन लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

पुढे २००१ साली प्रभावळकरांच्याच लेखनावर आधारलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली आणि पूर्वीचा चिमणराव तीत आजोबा झाला. तोवर कृष्णधवल चित्रे जाऊन रंग आले होते आणि एका सरकारी केंद्राच्या जागी अनेक वाहिन्या उभ्या होत्या. नोकरी सांभाळून तालमीला जाणाऱ्या पिढीने जी ठेव ठेवली होती, तिच्यावरच या नव्या मालिकेचाही व्यवहार चालला. दूरदर्शनच्या इतिहासाचा आरंभ वरळीच्या स्टुडिओत शोधण्यापूर्वी तो गिरगाव-दादरच्या तालीमघरांत शोधला पाहिजे, हे या विवेचनावरून स्पष्ट होते.