तुकडे जोडणाऱ्या बायका



गोधडी शिवताना आपण जुन्या लुगड्यांचे तुकडे काढतो, रंगाला रंग लावून बघतो आणि मग टाके घालतो. आज अशाच एका कामाची गोष्ट सांगते. त्यात कापडाच्या जागी रंगीत काच होती, आणि ते काम चाले दूर अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात.

तिथे लुई टिफनी यांचा रंगीत काचेच्या खिडक्यांचा आणि दिव्यांचा कारखाना होता. १८९२ साली काच कापणाऱ्या पुरुषांनी संप केला. त्यांची संघटना बायकांना सभासद करून घेत नसे. मग टिफनींनी बायकांचा वेगळा विभाग काढला. त्याची प्रमुख झाली क्लारा ड्रिस्कॉल. ती आधीही तिथे कामाला होती, पण लग्न झालेल्या बाईला तिथे नोकरी नसे, म्हणून तिला सोडावे लागले होते. नवरा वारला तेव्हा ती परत आली.

काम कसे चाले ते ऐका. आधी कागदावर पूर्ण मापाचे चित्र काढायचे. प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा आणि त्या मापाचे साचे कापायचे. मग काच उजेडासमोर धरून बघायची. एकाच काचेत कुठे गडद, कुठे फिकट रंग असतो. पाकळीला कोणता भाग घ्यायचा, पानाला कोणता, हे नजरेनेच ठरे. काच कापली की प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची. शेवटी वितळलेल्या कथिल-शिशाने जोड पक्के करायचे. हे झाळण्याचे काम मात्र पुरुषांकडे असे. आजही घरी चौकटीतले काचचित्र करणारे पुष्कळ जण याच पद्धतीने करतात.

क्लाराने विस्टेरिया नावाच्या वेलीच्या फुलांचा एक दिवा रचला. त्या एका दिव्यात जवळजवळ २००० तुकडे! तिच्या चतुराच्या दिव्याला १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पदक मिळाले.

पण १९०३ साली पुरुषांच्या संघटनेने हा विभाग बंद करण्यासाठी संपाची धमकी दिली. शेवटी तडजोड झाली. विभाग टिकला, पण २७ पेक्षा जास्त बायका घ्यायच्या नाहीत असे ठरले. १९०९ साली क्लाराने पुन्हा लग्न केले आणि कारखाना कायमचा सोडला.

पुढे शंभर वर्षे लोक त्या दिव्यांना टिफनींचे दिवे म्हणत राहिले. त्यामागचे हात कुणाला ठाऊक नव्हते. पण क्लारा आई-बहिणींना लांबलचक पत्रे लिहीत असे. आज काय केले, कोणती मुलगी कामात हुशार, कुणाशी वाद झाला, सगळे त्यात असे. घरच्यांनी ती पत्रे जपली. अभ्यासकांच्या हाती ती लागली आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये क्लारा आणि तिच्या सोबतिणींच्या कामाचे प्रदर्शन भरले.

बायांनो, आपल्या गटातही गोधड्या होतात, पापड होतात, पिशव्या होतात. त्यावर गटाचे नाव असते, कधी व्यापाऱ्याचे. वहीत पैशाचा हिशोब असतोच. त्याच्याच शेजारी एक ओळ वाढवा: ही नक्षी कुणी काढली, हे कुणी शिवले. क्लाराने पत्रे लिहिली नसती, तर आज तिचे नाव मला सांगता आले नसते.