एसएमपीएस शेवटी नव्हे, आधी

संगणक जुळवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची यादी बहुधा ठरलेल्या क्रमाने बनते. आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी आणि उरल्या पैशांत कॅबिनेट. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, त्या कॅबिनेटसोबतच येतो. ‘पाचशे वॉटचा आहे, भरपूर झाला,’ असे दुकानदार सांगतो आणि विषय मिटतो. एसएमपीएसने वेग वाढत नाही, तेव्हा त्यावर खर्च करणे व्यर्थ; आणि पाहायचेच तर वॉट पाहावेत, हे मत बाजारात सर्वमान्य आहे. ते खरेदीत नुकसान करते आणि दुरुस्तीत दिशाभूल करते, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्षात तथ्य नाही असे नव्हे. असंख्य कचेऱ्यांत स्वस्तातले एसएमपीएस वर्षानुवर्षे चालतात. टायपिंग, हिशेब आणि ब्राउझर एवढेच काम करणारा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक शंभर वॉटही क्वचितच ओढतो. हातात पैसे मोजकेच असतील तर ते प्रोसेसरवर घातल्याचा लाभ डोळ्यांना दिसतो, हेही खरे. पण यातून सिद्ध होते ते इतकेच, की हलक्या भारावर सुमार एसएमपीएसही तग धरतो. त्याच्यावर छापलेला आकडा खरा आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तो आकडा कशाचा असतो ते पाहू. एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ असे तीन मुख्य व्होल्टेज पुरवतो. एके काळी प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरून घेतली जाई. २००० सालाच्या सुमारास, पेंटियम ४ च्या पिढीत, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा चार पिनांचा स्वतंत्र कनेक्टर आला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. म्हणून लेबलवरचा मोठा आकडा सोडून १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचावेत. तिथे १८ लिहिले असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. वर ठळक अक्षरांत ५०० छापले असले, तरी आजच्या संगणकाच्या उपयोगाचे त्यातले निम्मेही नाहीत.

अँपिअर पुरेसे असले तरी तेवढ्याने भागत नाही. वीज कशी मिळते हाही प्रश्न आहे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकाच्या परंपरेत १२ व्होल्टला पाच टक्क्यांची मुभा रूढ आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. त्यावरची थरथर, जिला रिपल म्हणतात, ती १२० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. बाहेरची वीज तुटल्यावरही सुमारे १६ मिलिसेकंद पुरवठा टिकावा अशी अपेक्षा असते. हा शेवटचा निकष आपल्याकडे फार मोलाचा आहे. लाईट जाते, यूपीएस शिट्टी वाजवतो, तरी संगणक रीस्टार्ट होतो, ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि दोष दर वेळी यूपीएसच्या बॅटरीला दिला जातो. घरगुती यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा काळ निभावून नेणारा मोठा कपॅसिटर एसएमपीएसमध्ये असायला हवा, आणि स्वस्ताईची पहिली कात्री बहुधा त्यालाच लागते. बॅटरी नवी घालूनही तक्रार उरली तर एसएमपीएसकडे पाहावे.

काही जाणकार यावर ‘८० प्लस’ची खूण दाखवतात. २००४ पासून चालू असलेले हे प्रमाणन उपयोगी आहे, पण ते मोजते कार्यक्षमता, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकाला मिळाली आणि किती उष्णतेत गेली. रिपल, संरक्षक यंत्रणा, कपॅसिटरचा दर्जा यांचा निवाडा ते करत नाही. शिवाय ही चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, कॅबिनेटच्या आत काय तापमान असेल? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला ढोबळमानाने निम्मे होते. ८५ ऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर मागणे विदर्भात तरी चैन ठरत नाही.

रूढ मताचा खरा फटका दुरुस्तीत बसतो. गेम खेळताना संगणक अचानक बंद पडला की सल्ले ठरलेले असतात: रॅम काढून खोडरबराने घासा, विंडोज फॉरमॅट मारा. एसएमपीएसवर संशय शेवटी जातो, आणि गेलाच तर हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का पाहतात. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस सुरू होतो, एवढेच कळले. भार पेलतो की नाही ते कळले नाही. मल्टीमीटर भाराखाली लावला तर व्होल्टेज घसरलेले दिसेल, पण रिपल दिसणार नाही; त्याला ऑसिलोस्कोप लागतो. उलट टोकाची घाईही नको. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले म्हणून एसएमपीएस दोषी ठरत नाही. संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती नोंद सांगते. क्रम असा ठेवावा: आधी तापमान पाहावे, मग मेमटेस्टने रॅम तपासावी. प्रोसेसरवरच्या भारात यंत्र टिकते आणि ग्राफिक्स कार्डावर भार येताच कोसळते का, ते पाहावे. तसे होत असेल तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणे हाच घरच्या घरी होणारा भरवशाचा निर्णय. एसएमपीएस मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर काही काळ ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

मग काय, सर्वांनी हजार वॉटचा घ्यावा? मुळीच नाही, ती आकड्याचीच दुसरी भूल. ६५ वॉटचा प्रोसेसर, १७० वॉटचे ग्राफिक्स कार्ड आणि बाकी सारे मिळून ५० धरले, तर बेरीज २८५ होते. ग्राफिक्स कार्ड क्षणभर याहून बरेच जास्त ओढते, म्हणून जागा सोडावी. १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर देणारा, पाच वर्षांची वॉरंटी असलेला ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस इथे पुरून उरतो. कचेरीतल्या संगणकाला ३०० ते ४०० खरे वॉट पुष्कळ झाले. प्रोसेसर आणि मदरबोर्ड काही वर्षांनी बदलावे लागतात. चांगला एसएमपीएस मात्र बहुधा पुढच्या संगणकातही चालतो. उलट निकृष्ट एसएमपीएस जळताना कधी मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो. म्हणून एकूण भाराची बेरीज झाली, की यादीत पहिले नाव एसएमपीएसचे लिहावे आणि उरलेल्या पैशांत परवडेल तो प्रोसेसर घ्यावा. तो एक पायरी खालचा आला तरी चालेल.