जिथे आपली वकिलात नाही: मोहन रानडे आणि लिस्बनचा तुरुंग

आजचा भाग एका फोनवरून सुरू करतो.

मी शिरूरचा, माझा एक मित्र दौंडचा. इंजिनिअरिंगला आम्ही रूममेट होतो. पुढे तो मास्टर्ससाठी एस्टोनियाला गेला, टालिन शहरात. 2019 ची गोष्ट. त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. फोनवर म्हणाला, "अरे, इथे आपला दूतावासच नाहीये! समुद्र ओलांडून फिनलंडला जायचं म्हणे." तेव्हा एस्टोनियाचं काम हेलसिंकीतला भारतीय दूतावास बघायचा. टालिनमध्ये आपला दूतावास सुरू झाला 2021 मध्ये.

मी मॅप उघडला आणि हसायलाच लागलो. टालिन ते हेलसिंकी साधारण 80 किलोमीटर, बोटीने दोनेक तास. दौंड ते पुणे साधारण 75. म्हटलं, "पासपोर्टसाठी तू दौंडवरून पुण्याला गेलाच होतास ना? मग तेवढंच आहे." त्याने मला दोन शिव्या घातल्या आणि फोन ठेवला.

काम झालं त्याचं. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. जिथे आपली वकिलात जवळ नाही असं नाही, तर मुळातच नाही, आणि त्या देशाशी आपलं बोलणंच बंद आहे, तिथे आपला माणूस अडकला तर? शोधत गेलो आणि एका मराठी शिक्षकापाशी पोहोचलो. मोहन रानडे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1947 ला इंग्रज गेले, पण गोव्यात पोर्तुगीज तसेच राहिले. लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही होती आणि त्याचं म्हणणं एकच, गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचाच भाग आहे. चर्चेत काही निघेना म्हणून भारताने 1953 मध्ये लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. 15 ऑगस्ट 1955 ला हजारो सत्याग्रही निःशस्त्र गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच उरलेसुरले संबंधही तुटले आणि पणजीतलं भारतीय कॉन्सुलेटही बंद झालं.

आता विचार करा. ना. ग. गोरे, मधू लिमये यांच्यासारखी महाराष्ट्रातली कितीतरी माणसं त्या वेळी गोव्याच्या तुरुंगात होती. त्यांची चौकशी कोण करणार?

यावर जगात एक जुनी रीत आहे. दोन देशांचं बोलणं बंद झालं की प्रत्येक जण तिसऱ्या देशाला सांगतो, "आमच्या माणसांकडे जरा बघा." भावकीत अबोला असला की शेजाऱ्याच्या हातून निरोप जातो, तसंच. भारतासाठी ते काम इजिप्तने घेतलं, पोर्तुगालसाठी ब्राझीलने. पुढे 1961 आणि 1963 च्या व्हिएन्ना करारांत ही रीत कलमांमध्ये लिहिली गेली. परक्या देशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या अधिकाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, हेही 1963 च्याच करारात आलं. 1955 मध्ये हे करार झालेच नव्हते.

गोरे, लिमये आणि इतर सत्याग्रही 1957 च्या सुरुवातीला सुटले. रानडे नाही सुटले.

रानडे मूळचे सांगलीचे. खरं नाव मनोहर आपटे. गोव्यात मराठी शिकवता शिकवता ते आझाद गोमंतक दलात गेले. हे दल सत्याग्रहवालं नव्हतं, हत्यार उचलणारं होतं. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर त्यांनी हल्ला केला. त्यात गोळी लागली आणि ते पकडले गेले. तारखा बघा जरा. कॉन्सुलेट बंद होऊन काही आठवडेच झाले होते. शिक्षा झाली 26 वर्षांची. नंतर त्यांना थेट पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यातल्या तुरुंगात.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. भारताच्या ताब्यात तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक आले होते, ते मे 1962 पर्यंत मायदेशी परतले. ज्या गोव्यासाठी रानडे आत गेले तो गोवा मोकळा झाला, पण रानडे आतच होते. लिस्बनला गोवा भारताचा झाला हे मान्यच नव्हतं. आणि तिथे आपली वकिलात नव्हती, की जिचा अधिकारी दर महिन्याला तुरुंगाच्या दारात उभा राहून "आमचा माणूस कसा आहे?" असं विचारेल.

मग हे काम कुणी केलं? एका गायकाने. गीतरामायणवाले सुधीर फडके! बाबूजी स्वतः दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात होते. रानड्यांच्या सुटकेसाठी ते वर्षानुवर्षं धडपडत राहिले. दुसरं नाव ऐकून मी चाट पडलो, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुरै. 1968 मध्ये ते व्हॅटिकनला पोप पॉल सहावे यांना भेटले आणि रानड्यांना सोडवा अशी विनंती केली. पोर्तुगाल कॅथलिक देश, पोपचा शब्द तिथे चालायचा. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. म्हणजे तेरा वर्षांहून जास्त कैद, त्यातली सात गोवामुक्तीनंतरची. अण्णादुरै त्यानंतर काही दिवसांतच, 3 फेब्रुवारीला गेले.

लिस्बनने भारताचा गोव्यावरचा हक्क मान्य केला 31 डिसेंबर 1974 ला, तोही तिथली हुकूमशाही पडल्यावर. मग संबंध पुन्हा जुळले. रानडे शेवटी पुण्यात राहायचे. 2019 च्या जूनमध्ये तिथेच वारले. माझा मित्र ज्या वर्षी पासपोर्टवरून कुरकुरत होता, तेच वर्ष. मी तेव्हा पुण्यातच नोकरीला होतो आणि मला हे नावही माहीत नव्हतं. याची खरंच लाज वाटते.

आज आपली परिस्थिती बरीच बरी आहे. एखाद्या देशात दूतावास नसेल तर शेजारच्या देशातल्या दूतावासाकडे त्याचं काम दिलेलं असतं. लांबच्या शहरांत अधिकारी कॅम्प घेतात. 2015 पासून 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते. म्हणून बाहेर जाणाऱ्यांना एकच सांगणं. व्हिसा आला की आधी बघा, त्या देशाचं काम आपला कुठला दूतावास बघतो. त्याचा इमर्जन्सी नंबर स्वतःकडे आणि घरीही लिहून ठेवा. तुम्ही अडचणीत असाल तेव्हा फोन बहुतेक आईलाच करावा लागणार आहे.

माझा मित्र परवा सुट्टीला आला होता. वास्कोहून दिल्लीला जाणारी गोवा एक्सप्रेस पुण्यानंतर दौंडकडूनच जाते. तिच्याकडे बघत त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला बोट तरी होती रे."

चला, भेटूया पुढच्या भागात!