हँडलचा इतिहास आणि आमचा कणा

वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर माणसाला एकदा तरी स्वतःच्या पैशांनी मूर्खपणा करावासा वाटतो. माझा मूर्खपणा हँडलच्या रूपाने आला.

आमच्या घरी अण्णांची जुनी मोटारसायकल आहे. हँडल उंच आणि रुंद, म्हशीच्या शिंगांसारखं. मी मिस्त्रीकडून ते काढून घेतलं आणि त्या जागी खाली वाकलेल्या दोन आखूड दांड्या बसवल्या. यांना क्लिप-ऑन म्हणतात.

"अहो, या वयात शोभतं का हे?" सौ. म्हणाली.

मी तिला इतिहास सांगू लागलो. ती कुकर बघायला गेली. तेव्हा आता तुम्हीच ऐका.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली 'एस कॅफे' निघाला, तो ट्रकवाल्यांसाठी. १९५० नंतर तिथे मोटारसायकलवाली पोरं जमू लागली. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, गाठणं याला ती 'टन' म्हणत. बेताच्या पगारात रेसची गाडी कुठून येणार? मग त्यांनी रेसच्या गाडीचं हँडल तेवढं उचललं. हे हँडल पुढच्या फोर्कच्या नळ्यांनाच चिमट्यासारखं आवळतात. हात खाली गेले की छाती टाकीवर येते, वाऱ्याला अंग कमी सापडतं आणि तेवढ्याच इंजिनात वेग वाढतो. ज्यांना तेही परवडेना, त्यांतले काही असलेलंच हँडल उलटं बसवीत. पुढे १९६५ च्या सुमारास रॉयल एनफिल्डने आपली २५० सीसीची 'कॉन्टिनेंटल जीटी' कारखान्यातूनच क्लिप-ऑन लावून विकायला काढली.

मी पडलो कॉमर्सचा. मला हे सारं जमाखर्चासारखं कळलं. ताठ बसलात की वजन मागच्या चाकाच्या खाती. पुढे वाकलात की त्यातली काही रक्कम पुढच्या चाकाच्या खाती वर्ग.

पण मागच्या पानावरच्या अटी मी वाचल्याच नव्हत्या. एक, ती पोरं फुटरेस्टही मागे सरकवीत. माझे पाय जिथल्या तिथे. दुसरी, भरधाव वेगात वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत ताशी ३० च्या वेगात तेवढा वारा कुठून आणायचा? सगळा भार मनगटांवर. शिवाय हँडल टाकीला टेकायचं, म्हणून गल्लीत गाडी वळवायची तर तीन हप्त्यांत.

चौथ्या दिवशी काउंटरवर एक खातेदार माझी सही निरखून म्हणाला, "साहेब, ही मागच्या सहीशी जुळत नाही." आजवर हे वाक्य मी लोकांना ऐकवत आलो होतो.

आठव्या दिवशी जुनं हँडल काढायला माळ्यावर चढलो, तर ते तिथे नव्हतं. अण्णांनी ते खाली आणून, तेलाने पुसून ठेवलं होतं.

"रुंद का घेतलं होतं, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "पुढे टाकीवर तू, मागे तुझी आई एका अंगाला पाय सोडून, तिच्या मांडीवर धाकटी, आणि दळणाचा डबा. गाडी कलायचीच. हँडल रुंद असलं की थोड्या जोरात सावरता येतं. तरफ असते ती."

बी.कॉम.च्या तीन वर्षांत 'लिव्हरेज' म्हणजे उसना पैसा, एवढंच मला शिकवलं होतं.

मिस्त्रीने जुनं हँडल चढवलं. आई गेल्यापासून अण्णांनी गाडीला हात लावला नव्हता. त्या दिवशी मात्र म्हणाले, "चावी दे. मागे बस."

पाठ ताठ, वेग ताशी २०. नाक्यावर त्यांनी पाय न टेकता, एका दमात गाडी वळवली. मी मागे बसून हप्ते मोजत होतो. एकही पडला नाही.