मोरी तुंबण्याआधीच घ्यावी काळजी

कवठे येमाई (ता. शिरूर) : मोरीतील पाणी हळूहळू उतरू लागले, की त्याकडे सहसा दुर्लक्ष केले जाते. पाणी पूर्ण थांबते तेव्हा ते अंगणात, रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या दारात येते. त्यातून दुर्गंधी पसरते, डास वाढतात आणि अनेकदा भांडणेही होतात. थोडी नियमित काळजी घेतल्यास हे टाळता येते.

पाणी का तुंबते?

स्वयंपाकघरात प्रमुख कारण तेल-तुपाचा ओशटपणा. गरम तेल पाइपमध्ये थंड होऊन चिकटते आणि त्यावर भाताची शिते, चहाचा चोथा, भांडी घासण्याची राख साचत जाते. न्हाणीघरात केस आणि साबण ही कारणे असतात. शिरूर तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड असेल, तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. तोही पाइपच्या आतील बाजूस बसतो.

बांधकामातील दोषही कारणीभूत असतात. चार इंची पाइपला सर्वसाधारणपणे ४० फुटांमागे १ फूट उतार असावा. उतार कमी असल्यास गाळ तळाशी बसतो.

दोष कोठे, ते ओळखावे

एकाच ठिकाणचे पाणी सावकाश जात असेल, तर दोष त्या मोरीच्या जाळीत किंवा ट्रॅपमध्ये असतो. घरातील सर्वच मोऱ्या मंदावल्या असतील, तर बाहेरील चेंबर किंवा मुख्य पाइप तपासावा. न्हाणी ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम राहणे आवश्यक असते. हे पाणी दुर्गंधी व झुरळांना अटकाव करते. म्हणून ट्रॅप काढून टाकणे हा उपाय नव्हे. वापरात नसलेल्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे.

घरगुती उपाय

* जाळी रोज साफ करावी. खरकटे व केस कचऱ्यात टाकावेत.
* तेलकट भांडी धुण्यापूर्वी कागदाने पुसावीत. दिवाळीच्या फराळाचे उरलेले तेल मोरीत ओतू नये.
* आठवड्यातून एकदा सोसेल इतपत गरम पाणी व थोडी भांड्यांची पावडर सोडावी. उकळते पाणी ओतू नये. त्याने पीव्हीसी पाइप मऊ पडतो.
* तुंबल्यास प्रथम रबरी वाटीचा पंप वापरावा. बेसिनचे वरचे छिद्र ओल्या फडक्याने बंद केल्यास दाब चांगला बसतो.
* तरीही न निघाल्यास खाली बादली ठेवून ट्रॅप उघडावा व धुऊन घ्यावा. लांब पाइपसाठी लवचिक स्प्रिंग उपयोगी पडते.

खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतल्यास फेस पुष्कळ येतो. परंतु दोन्ही एकमेकांचा प्रभाव नष्ट करतात. साचलेल्या ओशटपणावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

हे टाळावे

अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. कॉस्टिक सोडा वापरणे भाग पडल्यास हातमोजे व चष्मा घालावा, सोडा थोडा थोडा करून थंड पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी ओतू नये. रसायन ओतल्यानंतर लगेच पंप मारू नये, कारण ते डोळ्यांत उडू शकते. शौचालयाच्या टाकीत तर कोणीही उतरू नये. आतील वायूने क्षणार्धात शुद्ध हरपते. २०१३ च्या कायद्यानेही सुरक्षा साधनांविना अशी सफाई करून घेण्यास मनाई आहे.

सांडपाणी जाते कोठे?

राज्यात २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून शोषखड्ड्यांचा प्रसार वाढला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे व डास यांवर मात केली. मुरमाड जमिनीत पाणी चांगले जिरते. काळ्या चिकण मातीत ते सावकाश जिरते, म्हणून तेथे मुरूम लागेपर्यंत खोदणे श्रेयस्कर. खड्ड्यापूर्वी गाळ अडविणारी छोटी टाकी असावी व ती वेळोवेळी उपसावी. अन्यथा दगडांमधील फटी बुजून पाणी पुन्हा मोरीतच तुंबते. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून खड्डा किमान १५ मीटर दूर ठेवावा. शौचालयाचे पाणी त्यात सोडू नये.